बिनगव्हाचं बटरस्कॉच

कावळा काही केल्या शिवेना.

शिवनाथ नदीच्या काठावर दहाव्याचा पिंड मांडलेला, ऊन डोक्यावर आलेलं, आणि झाडावर कावळे नुसत्या माना वाकड्या करून बसलेले. गेलेली बाई म्हणजे स्मृति नगरातल्या कमलिनीकाकू. लहानथोर सगळ्यांच्या त्या काकूच. पोटी मूलबाळ नाही, म्हणून नागपूरहून आलेला भाचा शुभम विधीला बसला होता. बिचाऱ्याने हात जोडून सगळं कबूल करून पाहिलं. घर विकत नाही म्हणाला, काकांचा फोटो हलवत नाही म्हणाला, मांजरीला दूध घालीन म्हणाला. कावळ्यांना त्याचं काय! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

शेजारीण वंदना मागे उभी राहून पदर पिळत होती. काकूंचा जीव कशात अडकलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण ते कबूल करायला तिची जीभ रेटत नव्हती.

गोष्ट तशी गोळीएवढी. काकू घरी बटरस्कॉच करायच्या. लोणी आणि साखर मंद आचेवर तांबूस होईस्तोवर घोटायची, थाळीत ओतायची, वड्या पाडायच्या. गल्लीतली पोरं त्यांच्या दारात गोळा व्हायची आणि सगळ्यात पुढे वंदनाची प्रांजली. मग प्रांजलीला सीलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, निघाला. रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गहू बंद, जव बंद, रवा-मैदा बंद, चिमूटभरही पोटात जाता कामा नये. तेव्हापासून वंदना दुकानात चष्मा लावून पुड्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची. दुकानदार वैतागायचे. वैतागोत बापडे!

"लोणी-साखरेत गहू कुठून आला व?" काकू विचारायच्या. बरोबरच होतं की! पण वडी चिकटू नये म्हणून त्या थाळीवर आधी मैदा भुरभुरायच्या, आणि हे वंदनाला कळलं तेव्हा पोरगी आठवडाभर पोट धरून लोळत होती. वंदनाने काकूंचा डबा त्यांच्याच अंगणात उपडा केला. "माझ्या पोरीले मारून टाकता का? पुन्हा तिच्या वाटेले जाऊ नका!" पुढे म्हातारी आजारी पडली. "पोरीले एकदा पाठव, माझ्या हातचं खाऊ घालतो," असा निरोप धाडत राहिली. वंदनाने काही पाठवलं नाही.

आता घाटावर तेच तिला आतून कुरतडत होतं. शेवटी ती पुढे झाली आणि पिंडाकडे बघून ओरडलीच, "बरं, खाऊ घाला तिले तुमच्या हातचं! मी नाही म्हणणार नाही. पण गव्हाचा कण नको, आधीच सांगून ठेवतो!"

एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने पिंडात चोच घातली. सुटलो म्हणत सगळे उठले. घ्या! बाई मेलेल्या माणसाला पथ्य सांगून मोकळी झाली. दिलेल्या शब्दाचं पुढे काय होतं, याचा विचार घाटावर कोण करतं?

तेरावं उरकून शुभम नागपूरला परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रांजली शाळेतून आली ती एक गाल फुगवून.

"काय खाऊन राहिली व?"

"काकूने दी ना. बोली, तुझ्या मम्मीनं हो म्हटलं."

वंदनाने पोरीची मूठ उघडली, तर तळहातावर आणखी एक तांबूस चौकोनी वडी, अजून कोमट. खालून स्वच्छ, मैद्याचा मागमूस नाही. तिने ऑनलाइन मागवलेली गहू तपासायची पट्टी काढली, वडी पाण्यात विरघळवली, पट्टी बुडवली. गहू नव्हता.

नवरा अभिनव स्टील प्लांटमधून ड्यूटी करून आला आणि हसला. "शेजारचं कोणी देऊन राहिलं असंल. गहू नाही ना? मग खाऊ दे ना!"

वंदनाने गल्लीतलं एकेक दार वाजवलं. कोणीच दिलेली नव्हती. काकूंच्या घराला कुलूप होतं आणि किल्ली शुभम हिच्याकडेच देऊन गेला होता.

वडी मात्र रोज येत राहिली. वंदना रोज पट्टी बुडवायची आणि रोज पट्टी स्वच्छ निघायची. आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच होत होता. ज्या पोरीच्या बरगड्या मोजता यायच्या, तिच्या गालांवर मांस चढलं, केसांना तेज आलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट एकदम छान, पथ्य मस्त सांभाळलं. वंदनाने रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला. भीती होतीच, पण लेकराचे भरलेले गाल पाहिले की ती गिळता यायची.

मग प्रांजलीने ज्वारीची भाकर सोडली. पाठोपाठ वरण-भात सोडला. बळेच भरवला तर भडभडून ओकली. एका दुपारी तिने घरच्या माठातलं पाणीसुद्धा ओकून टाकलं, आणि वंदना किल्ली घेऊन उठली.

काकूंच्या स्वयंपाकघरात सगळीकडे धूळ होती. सिलिंडर काढून नेलेलं, शेगडीवर कोळ्याचं जाळं. पण जळक्या साखरेचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. ओट्यावर एक थाळी होती, लख्ख पुसलेली. वंदनाने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"काकू, चुकलो मी," ती रडू लागली. "माझा शब्द परत घेतो. सोडा तिले!"

थाळी तेवढी निवताना टिकटिक वाजत होती.

वंदना धावत घरी आली. नवं पातेलं काढलं, तांदूळ सात पाण्यांनी धुतले, मऊ भात केला, वर तूप-मीठ घातलं. यात कोणालाही बाधेल असं जगात काही नव्हतं. प्रांजलीने ताट ओढून घेतलं, भात हुंगला, ताट उचलून त्याची खालची बाजू नीट पाहिली.

"मम्मी, हे कोणी बनवलं?"

"मी व माय माझे. माझ्या हातचं आहे."

प्रांजलीने ताट हळूच बाजूला सरकवलं. परक्या घरी पाहुण्या पोरीने समजावून सांगावं तशी ती म्हणाली, "मग मले नाही चालत."