खळ्यावरचा सामना

“खळं डोळ्यांनी बघू नको पोरी, टाचेनं बघ. टाच रुतली की दाणा मातीत गेला म्हणून समज. आणि पूजा होईस्तोवर त्याच्यावर कुणाला पाऊल ठेवू देऊ नको. मग तो घरधनी का असंना.”

सासूला जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी नागम्माच्या कानात ती अशी बोलायची, जणू पलीकडच्या खोलीत बसून ज्वारी निवडतेय. त्या सकाळी शाळेच्या मैदानात उभं राहून नागम्मानं टाच दाबून बघितली. टाच घोट्यापर्यंत धुळीत गेली.

“अप्पा, हे मैदान न्हाई, पिठाचं डबडं हाय,” ती म्हणाली.

ईश्वरप्पा स्पर्धेचे चिटणीस. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्याला शोभेल असं काहीतरी झालंच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. म्हणून त्यांनी बास्केटबॉलची स्पर्धा भरवली होती, तीही मेहनताना घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंची. पहिले पाच दिवस लातूरला, पुढचे पाच नांदेडला. नांदेडच्या संघानं तर हैदराबादेत शिकायला आलेले दोन इराणी पाहुणे खेळाडू आणले होते. सगळ्या गावात त्यांच्या उंचीची चर्चा होती.

“म्हणून तर रोज दोन टँकर मंजूर करून घेतलेत,” ईश्वरप्पा म्हणाले. “सकाळी एक मारायचा, दुपारी एक. धूळ बसली की झालं.”

नागम्मानं भिंतीकडं बघितलं. शाळेच्या भिंतीमागं तिची वस्ती होती. तिथं चौथ्या दिवशी एक टँकर यायचा आणि त्याच्यापुढं रात्रीपासून घागरींची रांग लागायची. ती स्वतः लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे, आणि त्या उन्हाळ्यात पूजेलाही चमचाभर पाणी पुरवायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या वीस बायांची ती मुकादम. त्यातल्या धुरपताचं लेकरू कालच उलट्यांनी हैराण झालं होतं, आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, ‘पाणी पाजा.’

“अप्पा,” ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज नेहमीच हळू असायचा. समोरच्याला बोलणं थांबवून ऐकावं लागायचं. “पहिल्या दिवसाचे दोन टँकर मला मातीला द्या. उरलेल्या चार दिवसांचे वस्तीला. मी खळं करून देते. थेंबभर पाणी मारावं लागणार न्हाई.”

“आणि धूळ उडाली तर?”

“तर सगळं पाणी तुमचं. आमच्या दारातनं न्या.”

ईश्वरप्पांचे वडील शेतकरी होते. खळं म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी मान डोलावली.

त्या साली ज्वारी नव्हती, म्हणून शिवारात एकही खळं पडलं नव्हतं. बायांचे हात नुसते शिवशिवत होते. शेणाला मात्र तोटा नव्हता. गावाबाहेर गुरांची छावणी होती, तिथं ढीगच्या ढीग पडलेले. तीन दिवस बायांनी पांढरी माती भिजवली, करडीचा भुसा कालवला, चोपण्यांनी चोप चोप चोपली आणि वरून शेणाचा हात फिरवला.

“अक्का, हे परदेशी पाव्हणे शेणावर नाचणार म्हणायचं,” धुरपता कोपरापर्यंत बरबटलेली हसत होती. “त्यांच्या आयांना कळलं तर?”

“तुझ्या आईला कळलं होतं का, तू खडी फोडशील म्हणून? हात चालव.”

चौथ्या दिवशी मैदान वाळलं. टाच दाबली तर टाचच दुखायची. लातूरची पोरं सरावाला आली, तेव्हा नागम्मा दारातच आडवी आली. पूजा व्हायची होती. पोरांनी ईश्वरप्पांना बोलावलं. त्यांनीही चपला काढून लांबूनच बघितलं आणि पोरांना परत पाठवलं. मग बायांनीच चुन्यानं काठ आखले. दुरून मैदान कसं पितळी ताटासारखं दिसत होतं.

सामन्याच्या सकाळी नागम्मानं विभूतीची बोटं ओढली, नारळ फोडला, आणि खळं मोकळं केलं.

पहिला सामना लातूर विरुद्ध नांदेड. माणूस भिंतीवर चढलेला, झाडावर चढलेला. नांदेडकडून गुण लिहायला पंचशीला नावाच्या शिक्षिका आल्या होत्या. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, गळ्यात शिट्टी. इराणी पाहुण्यांतला उंच तो मेहरदाद. त्यानं चेंडूचा पहिला टप्पा टाकला आणि चेंडू त्याच्या छातीपर्यंत उसळला. तो थबकला, खाली बघितलं, पुन्हा टाकला. मग हसला. नागम्माच्या जिवात जीव आला. धूळ नव्हती. धुळीचा कणही नव्हता.

तिसऱ्याच मिनिटाला मेहरदाद चेंडू घेऊन काठाकाठानं धावला, त्याचा पाय अडला आणि एवढा मोठा माणूस दोन्ही हातांवर आदळला. पंचांनी शिट्टी मारली. काठाशी वाकून बोट फिरवलं आणि उभे राहिले.

“हा बांध कुणी घातलाय?”

चुन्याच्या रेघेखाली चार बोटं उंचीची पाळ होती. चारी बाजूंनी, गोलसर, गुळगुळीत. खळ्याला काठ असतोच; दाणा बाहेर घरंगळू नये म्हणून. वीस बायांपैकी एकीच्याही मनात आलं नाही की इथं दाणा नाही. हातांनी आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं. आणि पूजेआधी कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही म्हणून कुणाला ते कळलंही नाही.

“पंधरा मिनिटं देतो,” पंच म्हणाले. “नाहीतर सामना रद्द. उरलेले सामने नांदेडला.”

ईश्वरप्पांचा चेहरा उतरला. ते तरातरा नागम्माकडं आले. “आता काय करायचं? सगळा जिल्हा बघतोय! टँकर मागवू का? पाणी मारून फावडी लावू?”

“पाणी मारलं तर चिखल होईल अप्पा. आणि ते पाणी आमचं हाय.” आवाज तसाच हळू. “आम्हीच केलं, आम्हीच काढतो. बसा तुम्ही.”

तिनं नुसतं धुरपताकडं बघितलं. वीस बाया पदर खोचून उतरल्या. कमरेची खुरपी निघाली. दोघी-दोघी पाठमोऱ्या बसल्या, पाळ खरडत मागं सरकत गेल्या, मागनं येणारी ओल्या शेणाचा हात देऊन जागा सपाट करत गेली. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. भिंतीवरून कुणी ओरडलं, “मावश्या, आमच्या लातूरच्या पोरांना पण जरा असं खेळायला शिकवा!”

धुरपतानं वर न बघता उत्तर दिलं, “पहिलं तुला भिंतीवरनं खाली उतरायला शिकवते, थांब!”

मेहरदाद काठाला बसून खरचटलेला कोपर बघत होता. नागम्मा त्याच्याजवळून सरकत गेली तेव्हा त्यानं हैदराबादच्या बोलीत विचारलं, “अम्मा, ये दीवार काय कू बनाए?”

निजामाच्या राजात वाढलेल्या नागम्माला ती भाषा परकी नव्हती. “दाना भागता ना बेटा. उसको रोकने कू.”

“हम तो दाना नहीं अम्मा. हम भागेंगेच.”

“भागो,” ती म्हणाली. “अब भागो, कोई नै रोकता.”

तेराव्या मिनिटाला पंचांनी अनवाणी पायानं चारी काठ चालून बघितले. शिट्टी वाजली.

उरलेला सामना नागम्मानं चेंडूकडं बघून बघितलाच नाही. ती खेळाडूंचे घोटे बघत होती. पोरं वळत होती, उडत होती, आदळत होती. मैदान हूं की चूं करत नव्हतं. लातूर चार गुणांनी हरलं. मेहरदादनं एकट्यानं निम्मे गुण केले आणि तरी लातूरकरांनी त्याला खांद्यावर घेतलं, कारण त्याला खांद्यावर घेणं हाच एक पराक्रम होता. शेवटी ईश्वरप्पा खेळाडूंच्या पायांकडं बोट दाखवत सुटले. पांढरे मोजे पांढरेच होते.

“उद्यापासनं दोन्ही टँकर वस्तीकडं वळवा,” ते टँकरच्या ड्रायव्हरला ओरडून म्हणाले. नागम्मानं ऐकलं, आणि पहिल्यांदाच खाली बसली.

तिच्याजवळ पंचशीलाबाई येऊन बसल्या. “जयभीम अक्का.”

“शरणार्थ बाई.”

“एक विचारू? मंगळवारपासून आमच्याकडं सामने. मैदान तुमच्यासारखंच, नुसती धूळ. आमच्याकडं पण टँकर मंजूर झालेत, रोजचे तीन. आणि मैदानाला लागून आमच्या लोकांची वस्ती हाय. परवा तिथं एका बाईनं तापलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवायला ओलं फडकं मागितलं, तर कुणाकडं फडकं भिजवायला पाणी नव्हतं.” त्यांनी खिशातलं पेन काढून परत खोचलं. “आमच्या बायांना खळं येत न्हाई असं न्हाई. पण सगळ्या म्हणतात, नांदेडच्या साहेबांपुढं हे बोलणार कोण?”

नागम्मानं हाताला वाळलेलं शेण चोळून काढलं. 

“मी बोलते,” ती म्हणाली. “शुक्रवारी येते. पाळ न घालता करू.”

पंचशीलाबाई हसल्या. “नक्की?”

“सांगितलं की.”

शुक्रवारी पहाटे धुरपताच्या घरात लेकरू शांत झोपलं होतं आणि दारात दोन घागरी भरलेल्या होत्या. नागम्मानं लिंगपूजा केली, तीर्थ घेतलं, कपाळाला विभूती लावली. कुणाला उठवलं नाही. भाकरीचं फडकं काखेला मारून ती वस्तीच्या बाहेर पडली. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीची जागा बघून बसली आणि कंडक्टर आल्यावर हळू आवाजात म्हणाली, “एक नांदेड.”