वाडीचा पेढा

आज नऊला गंगव्वाच्या पायाचं ऑपरेशन होतं, आणि तिचा नवरा भरमाप्पा पहाटेपासून तिच्या साखरेच्या आकड्यावर जीव टांगून बसला होता. टाचेची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, साखर ताब्यात राहिली तर जखम साफ करून भागेल, ऑपरेशन लांबलं तर गुडघ्यापासून पाय जाईल. म्हणून सलाइनमधून इन्शुलिन चालू होतं, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि सलमा सिस्टर तासातासाला बोट टोचून मशीनवर साखर बघत होती. सातला एकशे चाळीस. भरमाप्पानं मशीनलाच हात जोडले.

आठला तेच मशीन म्हणालं, तीनशे शहाऐंशी.

"काय खायला घातलंसा, मामा?" सलमा कडाडली.

"कायबी न्हाय की! आईशप्पत!"

शपथ खोटी नव्हती. साडेसातला शेजारच्या कॉटवरच्या चिमणाबाईनं नृसिंहवाडीचा पेढा दिला होता. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? पण भरमाप्पा काही अगदीच खुळा नव्हता. पेढा गंगव्वानं नुसता हातात घेऊन डोळ्यांना लावला, आणि खाल्ला यानं. आता हे सांगावं तर कोण विश्वास ठेवणार? ऑपरेशन पुढं ढकलतील, पाय जाईल.

सलमानं डॉक्टरांना फोन केला आणि सिरिंजमध्ये आणखी इन्शुलिन ओढलं.

"अवो," गंगव्वा पुटपुटली, "हातपाय कापाय लागल्यात."

तिला दरदरून घाम फुटला होता. भीतीनं असेल, असं भरमाप्पानं स्वतःला समजावलं. तिनं घाम पुसायला हात उचलला, तेव्हा त्याला बोटावर टोचल्याचा लाल ठिपका दिसला. ठिपक्याभोवती पेढ्याचा चुरा होता.

"थांबा सिस्टर! पेढा मी खाल्लाय, पर हातात हिनं धरलता!"

सुई दंडापाशी आलेली तिथंच थांबली. सलमानं गंगव्वाचं बोट धुतलं, कोरडं केलं, पुन्हा टोचलं.

अठ्ठेचाळीस.

सलमाचा चेहरा उतरला. तिनं इन्शुलिन बंद करून शिरेतून ग्लुकोज सोडलं. "मशीननं बोटावरच्या पेढ्याची साखर मोजली. आधी हात धुवायचा, ही माझी चूक," ती म्हणाली. "हे इंजेक्शन गेलं असतं, मामा, तर होती ती साखरपण उतरून मामी हातच्या गेल्या असत्या."

थोड्या वेळानं साखर एकशे वीसवर आली. डॉक्टर म्हणाले, घ्या आत.

"पेढा गोड हुता काय वो?" स्ट्रेचरवरून गंगव्वानं विचारलं आणि हात पुढं केला.

भरमाप्पाला हुंदका आवरेना. तो हात धरायला पुढं झाला, मधेच थबकला, आणि आधी बेसिनवर जाऊन स्वतःचे हात धुऊन आला.