बरखास्त सभेतला अर्ज

विहिरीवर रहाट दोन होते, त्यातला एक चालता. गुरांना पाजायची दगडी डोण एक, तिला तडा गेलेला. दोरांनी काठाच्या दगडांत पाडलेल्या खाचा एकवीस. पाणी काठापासून अठरा हात खाली. तांबडेवस्तीत घरं एकतीस, माणसं एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर ही एवढीच. रेल्वेने रुळाकडेची हद्द नव्याने मोजली होती आणि त्या मोजणीत विहीर रेल्वेच्या बाजूला गेली होती. इंजिनांना पाणी हवं होतं. कुंपणाचे नऊ लोखंडी खांब उभे होते. तार अजून ओढलेली नव्हती.

तार थांबली होती ती एका अर्जामुळे. आदल्या उन्हाळ्यात नगरच्या एका वकिलांनी आम्हाला सांगितलं, की रेल्वे दिल्लीच्या हातात आहे, तेव्हा संसदेकडेच अर्ज करा. तो लोकसभेकडे करता येतो किंवा राज्यसभेकडे. "राज्यसभा बरी," ते म्हणाले. "ती कधी बरखास्त होत नाही."

भैरोबाच्या देवळापुढे बैठक बसली. वस्तीत बनुबाईच्या शब्दापुढे सहसा कोणी जात नसे. अर्ज मीच लिहिणार होतो, म्हणून तिने मला विचारलं, "राज्यसभेला आपून मत देतो का?"

"नाही. ते आमदार देतात."

"मंग झालं तर! ज्याच्या लग्नात आपला आहेर न्हाई, त्याच्या पंगतीला कोन्त्या तोंडानं बसायचं? लोकसभेला आपला आहेर गेलाय. मागायचं ते तिथंच."

आहेराची रीत आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सह्या आणि अंगठे लोकसभेकडे गेले. हिवाळ्यात खासदारांनी अर्ज सभागृहात मांडला, तो समितीकडे गेला. रुळांचं काम पाहणारे साहेब भले होते. म्हणाले, "दिल्लीचं उत्तर येईपर्यंत तार ओढत नाही."

डिसेंबर संपत आला होता. वस्तीतला लालमहंमद रेल्वेत गँगमन होता. तो एका संध्याकाळी स्टेशनावरून धावतच आला.

"बनुमावशी, लोकसभा मोडली! रेडिओवर सांगितलं."

"मोडली? इमारत पडली व्हय? कुनी दबलं का?"

"इमारत हाय तशीच हाय. आतली मान्सं घरी घालवली. मार्चात इलेक्शन."

"मंग आपला अर्ज आता कुनाकडं हाय?"

 ते मलाही माहीत नव्हतं.

सकाळच्या एस.टी.ने मी नगरला गेलो. वकिलांनी पुस्तक उघडलं. पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती पाच वर्षं पुरी होण्याआधीही लोकसभा बरखास्त करू शकतात. सभा गेली की तिच्यापुढचं अपुरं काम जातं, समित्या जातात, समितीपुढचे अर्जही जातात. नवी सभा येते ती कोऱ्या पाटीने.

"आणि राज्यसभेकडे असता तर?"

"तर काहीच झालं नसतं. अर्ज होता तिथेच राहिला असता." राज्यसभेकडे आता नवा अर्ज करता आला असता, पण तोही सभागृहात मांडावा लागतो, आणि निवडणुकीआधी सभा भरण्याचं चिन्ह नव्हतं.

मी परत येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.  शेजारची रंगुबाई बनुबाईला म्हणाली, "घाल आहेर! पंगत उठली, आता पत्रावळी चाट."

 बनुबाई उठली आणि मला घेऊन साहेबांकडे गेली.

"साहेब, मार्चापातूर थांबा. नवी सभा बसू द्या."

"बाई, अर्ज चालू होता तोवर मला सांगायला कारण होतं. आता वरून विचारतात, कशासाठी थांबलात? मी काय दाखवू?"

"आमाला दाखवा. आमी हाय की सारी."



जानेवारीत तारेची भेंडोळी आली. ओढायला गँग आली, त्यात लालमहंमद होता. बनुबाई आधीच जाऊन विहिरीच्या काठावर बसली होती. तीन बाजू झाल्या, चौथी राहिली.

"मावशी, भाईर या. तुमाला माझ्या हातानं कोंडायला लावू नका."

"कोंड की. पानी आतच हाय."

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"आन् माझी वस्ती?"

तो रडत होता आणि तार ओढत होता. चौथी बाजूही झाली. मग बनुबाईची सून चांगुणा कडेवरच्या लेकराला घेऊन आली. ते पाणी मागत होतं. बनुबाईने एक घागर शेंदली आणि तारेवरून सुनेच्या हातात दिली. "आता न्हाई जमायचं गं," ती म्हणाली, आणि खालच्या तारेखालून रांगत बाहेर आली. तिच्या पाठीवर लुगडं फाटलं.

दुसऱ्या दिवशी बायकांनी कोरड्या ओढ्याच्या वाळूत झिरा खोदला. कमरेइतक्या खोलीवर ओल लागली. बनुबाई आत उतरली, पाणी साचेल तसं वाटीने भरू लागली आणि वर फडक्यातून गाळून घागरीत ओतू लागली. मी घड्याळ लावून बसलो.

पहिली घागर भरायला एक तास वीस मिनिटं लागली. दुसरीला दोन तास पाच.