बादलीतला प्रसाद

नव्व्याण्णव साली कपिलधारच्या यात्रेत अन्नदानाचा मान आम्हाला मिळाला. केजच्या स्टँडसमोर माझ्या नवऱ्याची, मल्लिनाथची, खानावळ. तिथं नुकत्याच थर्माकोलच्या प्लेटा आल्या होत्या आणि मल्लिनाथ त्यांच्यावर असा खूश, जणू त्यानंच शोध लावलाय! यात्रेलाही त्याच घेतल्या.

"अहो, परवा कढत तर्रीनं प्लेटीला भोक पडलं," मी म्हणाले. "तिथल्या मठातली ताटंच घ्या."

"कोन घासत बसतंय? खायचं अन् फेकायचं!"

फेकायचं! आम्हा लिंगायतांच्या पंगतीत कुणी काही फेकतं का? जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट निपटून घ्यायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. प्रसादाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. हे या शहाण्याला लहानपणापासून ठाऊक. धंद्याच्या नादात डोक्यातून पार उडालं.

पहिल्याच पंगतीत माझ्या सासूबाई, शांतादेवी, बसल्या. मल्लिनाथ उकळती आमटी वाढत चालला होता. माझा जीव टांगणीला लागला. सासूबाईंच्या प्लेटीला खड्डे पडले होते, पांढरे कण आमटीत तरंगत होते. एवढ्या माणसांत सुनेनं बोलायचं कसं? त्यांनी भात संपवला, तांब्या उचलला, प्लेटीत पाणी फिरवलं.

"आत्या, पिऊ नका!" मी ओरडलेच.

"कावून? परसाद हाय."

मल्लिनाथनं वाकून प्लेट पाहिली. त्याचा चेहराच उतरला. मान वर केली, तर सगळ्या पंगतीत तांबे कलंडत होते.

"थांबा! कुनी पिऊ नका!" रिकामी बादली घेऊन तो धावला. "टाकत न्हाई, हितं ओता."

एकेकाच्या प्लेटीतलं पाणी तो बादलीत घेत गेला. कुणी आधीच पिऊन बसलं नाही ना, म्हणून मी त्याच्या मागोमाग एकेकाला विचारत गेले.

"दुसऱ्या पंगतीला ह्या प्लेटा न्हाईत," तो म्हणाला. "खानावळीतबी न्हाईत. कावेरी, मठातली ताटं आन."

मी ताटं घेऊन आले तरी तो तिथंच उभा. एका गाईनं बादलीत तोंड घालायला मान लांबवली, तशी त्यानं बादली उचलून छातीशी धरली.

"परसाद हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याचं काय करनार?"

तो माझ्याकडं बघायला लागला. प्यायचा नाही, गाईला द्यायचा नाही आणि फेकायचा तर मुळीच नाही!