पाळीची माती

शिवदासने नमुन्याच्या पिशवीची गाठ सोडली आणि आपल्या गावची, पाळीची, तांबडीलाल माती दुकानातल्या लाकडी स्टुलावर ओतली. पणजीतल्या त्या दुकानात कॅमेरे, कुलपं, सायरन असलं सामान मिळायचं. गिऱ्हाईक माती घेऊन आलेलं मालक बाबुरावांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"अहो, हें कितें? आता झाडणार कोण?"

"मी झाडतंय. तुमी फकत ह्या मातयेवर तां मशीन चलवन दाखया."

बाबुरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मशीन उचललं. मेटल डिटेक्टर होता चकचकीत. पिवळा दांडा, मोठा पडदा, पडद्यावर नाण्याचं नि अंगठीचं चित्र, किंमत साडेसहा हजार. मघाशी फरशीवर ठेवलेल्या रुपयावरून तो फिरवला तेव्हा असा गोड टिंग वाजला होता की शिवदासचा हात थेट पैशांच्या खिशाकडे गेला. पण दिसतं तसं नसतं. मातीवर नेताच ते मशीन शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखं केकाटलं. पडद्यावर नाणं आलं, अंगठी आली, पुन्हा नाणं आलं. मातीत यातलं काहीच नव्हतं.

"तुमच्या मातीत कितें तरी आसा," बाबुराव म्हणाले.

"आसा मा. लोखंड आसा. आमच्याकडे मातीच लोखंडाची!"

एकोणीस वर्षं शिवदासने खाणीवर खनिजाचे नमुने गोळा केले होते. ट्रक कितीही भरलेला दिसो, पिशवीतला नमुना तपासल्याशिवाय माल चांगला म्हणायचा नाही, ही सवय खाणी बंद पडून दोन वर्षं झाली तरी सुटली नव्हती. जुनी नाणी शोधायचा छंद करावा आणि त्यासाठी स्वस्तातलं मशीन घ्यावं, हे वेड त्याच्या डोक्यात याच रिकाम्या दोन वर्षांत शिरलं होतं. आणि त्या वेडापायीच तर चार दिवसांपूर्वी घात झाला.

त्याच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. मूर्तीच्या गळ्यात दर चवथीला एकवीस पुतळ्यांची सोन्याची माळ घालायची. शिवदासच्या बायकोला, सुमंगलाला, तिच्या आईची आठवण म्हणून राहिलेली तेवढी एकच वस्तू. उत्तरपूजा झाली की माळ उतरवायचं काम घरच्या यजमानाचं, म्हणजे शिवदासचं. त्या दिवशी तो भाच्याला डिटेक्टरच्या गोष्टी सांगत बसला. हा खोल जातो, तो पाण्यात चालतो, बोलून बोलून तोंडाला फेस आला. मिरवणूक निघाली, व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, गणपती बुडाला, प्रसादाचे खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले, आणि मग सुमंगलाने विचारलं, "माळ खय?"

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. जे सांगायचं ते मांजराला सांगायची. "मने, सांग त्येंका, पेज निवता." मनी बिचारी दोघांकडे बघत बसायची. शिवदासने व्हाळातला गाळ दोन दिवस हातांनी चाळला. खाणीवरून वर्षानुवर्षं वाहून आलेला तो गाळ मांडीएवढा खोल. एक जोराचा पाऊस आला की सगळं थेट मांडवी नदीत जाणार होतं. सुमंगलाच्या शिव्या त्याने हसत खाल्ल्या असत्या. हे मांजरामार्फत बोलणं मात्र त्याला सोसत नव्हतं.

"दुसरां मशीन नाय?" त्याने विचारलं.

"आसा, पण तें चाळीस हजाराचें." शिवदासचा उतरलेला चेहरा पाहून बाबुरावांना दया आली असावी. "मोरजेक वचात. सगुणाचो शॅक विचारात. ताच्याकडे एक जुनें पडलां."

शिवदासने दुकान झाडलं, माती पुन्हा पिशवीत भरली आणि म्हापशाची बस पकडली. तिथून पेडण्याकडची. बस पुलावर आली तेव्हा आभाळ काळवंडत होतं आणि तो खिडकीतून ढगांनाच दम देत होता.

मोरजीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खाण्यापिण्याचे शॅक कुठले, नुसते बांबूचे सांगाडे. सगुण घरी सापडला. त्याने माळ्यावरून काढलं ते मशीन म्हणजे छत्रीची मोडकी काडी बरी. पडदा नाही, चित्रं नाहीत, दांड्याला चिकटपट्टी, एक काळं बटण आणि खाली ताटाएवढी चकती.

"एक रशियन थंडीत येतालो, वाळूंत नाणीं सोदतालो. वतना हें सोडून गेलो," सगुण म्हणाला. "चकती पाण्यांत चलता, वयलो डबो मात भिजोवंक ना. आनी हाका पडदो ना. आवाज आयकूंक कान जाय."

शिवदासने माती ओतली. मशीन केकाटलं. तो पिशवी आवरायला लागला.

"राव रे! बटण घुंवडाय."

त्याने काळं बटण हळूहळू फिरवलं. केकाटणं बारीक झालं, गुणगुण झाली आणि मग गप्प. पाळीच्या मातीवर ते मशीन गप्प बसलं! शिवदासने बोटातली लग्नातली अंगठी काढली, मातीत खुपसली, चकती वरून नेली.

टिंग.

"गावलां!" तो एवढ्या जोराने ओरडला की सगुणची कोंबडी कुंपणावर चढली. घासाघीस करायचंही त्याला सुचलं नाही. सगुणने चार हजार मागितले, त्याने दिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो व्हाळात उतरला. सुमंगला कळशी घेऊन काठावर आली होती, पाणी भरायला म्हणून; घरच्या नळाला पाणी असताना. तासभर खिळे, बाटल्यांची बुचं, गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीच्या तारा निघाल्या. तिने तोंड फिरवलं. मग एका वाकड्या दगडापाशी टिंग झालं. शिवदासने गाळ उपसला, ओंजळीत खळबळला. तांबड्या पाण्यातून एक पिवळी चकती वर आली.

कळशी कुठे पडली कुणास ठाऊक. सुमंगला लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात होती आणि मशीन तिच्या हातात होतं. माळेचा जुना दोरा तुटला होता, पुतळ्या विखुरल्या होत्या. तिचे कान त्याच्यापेक्षा तिखट. "हय! खणा! तसा नाय, हळू. आता हय!" ती सांगेल तिथे तो खणत होता. पाच झाल्या, अकरा झाल्या, अठरा. ती इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं एका दमात बोलत होती, त्यात शिव्याही होत्या, आणि शिवदासला एवढा आनंद उभ्या जन्मात झाला नव्हता.

विसावी पुतळी तिने पदरात बांधली तेव्हा टपोरे थेंब पडायला लागले. वरच्या अंगाने लाल पाणी येताना दिसत होतं.

"एक ऱ्हवली," शिवदास फावडं उचलत म्हणाला. "पाच मिन्टां दी माका."

सुमंगलाने मशीन पदराखाली झाकलं. "नको. डबो भिजतलो." ती पाण्याकडे बघत होती. "त्येच्या गळ्यातली होती. एक त्येका ऱ्हवांदे. बाकी त्येना परत दिल्यान मा."

शिवदासने फावडं खांद्यावर टाकलं. तिने त्याचा हात धरला आणि दोघं काठावर चढली.

घरी मनी चुलीपाशी बसली होती. सुमंगलाने पेजेचा वाडगा भरला, मांजराकडे ढुंकूनही न बघता हाक मारली, "येवा हो, निवता!" आणि वाडगा त्याच्या चिखलाने माखलेल्या हातात दिला.