टिकारामचं चौथं बोट

"काका, हाथ दो ना," श्रुतिका म्हणाली, आणि टिकारामने नेहमीप्रमाणे डावा हात टेबलावर उताणा ठेवला.

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला इम्युनॉलॉजीचा पेपर असतो आणि त्या पेपरात रक्तगटाचं प्रॅक्टिकल असतं. पुढे पीएच.डी. करायच्या गप्पा मारणारी ही पोरं स्वतःच्या बोटाला सुई टोचायची म्हटलं की एकमेकांच्या मागे लपतात. त्यावर विभागाने सव्वीस वर्षांपूर्वीच तोडगा शोधला होता. लॅब अटेंडंट टिकाराम हाच तो तोडगा. पहिल्या वर्षी कुणीतरी गमतीने त्याचा हात ओढला, त्याने ओढू दिला, आणि तेव्हापासून दर बॅचचं पहिलं रक्त त्याचं. डाव्या हाताचं चौथं बोट, करंगळीच्या शेजारचं. दरवर्षी बी पॉझिटिव्हच निघायचं आणि दरवर्षी पोरं नवा शोध लावल्यासारखी ओरडायची.

टिकारामही आपल्या परीने नाटक करी. सुई टेकली रे टेकली की "मेलो व माय!" म्हणून असा काही किंचाळे की घाबरलेली पोरगी खुदकन हसायची आणि तिचा हात हलका व्हायचा. गेल्या काही महिन्यांपासून मात्र त्याला हे नाटक सुईकडे नीट बघून, वेळ साधून करावं लागत होतं.

श्रुतिकाने स्पिरिटचा बोळा फिरवला, डोळे किलकिले केले आणि टोचलं. टिकारामची नजर त्या घडीला खिडकीबाहेर गेली होती. थेंब आला नाही. तिने पुन्हा टोचलं, मग तिसऱ्यांदा, जरा चिडूनच. थेंब आला. तो तिने काचपट्टीवर तीन जागी टेकवला आणि बोटावर कापूस दाबला. तेव्हा कुठे टिकारामने खाली पाहिलं.

"मेलो व माय!" तो ओरडला.

क्षणभर कुणालाच काही समजेना. मग राहुल म्हणाला, "काका का नेटवर्क स्लो चल रहा है," आणि सगळा वर्ग हसला. टिकारामही हसला. पलीकडच्या टेबलाजवळ मंजुषा उभी होती. ती तेवढी हसली नाही.

मंजुषा त्याची मुलगी. तिला इथे प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यानेच घरी नियम घालून दिला होता, की कॉलेजात ती त्याला इतरांसारखंच 'काका' म्हणेल. अटेंडंटची पोर म्हणून तिला कुणी जास्त मार्क दिले असं व्हायला नको, आणि कमी दिले असंही. दीड वर्ष दोघांनी तो नियम चोख पाळला होता.

बोट मेलेलं आहे हे टिकारामला ठाऊक होतं. मार्चमध्ये हॉटप्लेटवरून बीकर उतरवताना त्याला काहीतरी जळाल्याचा वास आला. इकडेतिकडे शोधल्यावर कळलं, आपलंच बोट जळतंय. कोपराखाली फिकट चट्टा तर त्याही आधीपासून होता, घाम न येणारा. त्याने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. भर मे महिन्यात कुणी विचारलं तर सांगे, ॲसिड उडते ना बापा.

चट्ट्याचं नावही त्याला ठाऊक होतं. परसवाड्याकडच्या त्याच्या गावी दादाजी नावाचा त्याचा चुलता शेताच्या कडेला खोपटात राहायचा. भाताचा द्रोण लांबून ठेवायचा आणि मागे न बघता परत फिरायचं, असं लहानपणी टिकारामला शिकवलं होतं. दादाजी हाक मारत राही. टिकाराम मागे बघत नसे.

त्याला स्वतःची भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि हेही आजारातच मोडतं की काय, असं त्याच्या मनात येई. ठरवलेलं तेवढं एकच होतं. जूनमध्ये मंजुषाचा शेवटचा पेपर होईपर्यंत हे कुणाला कळता कामा नये. साऱ्या विभागाला चहा त्याच्या हातचा लागतो. कळलं तर कप बाजूला सरकतील, आणि कप सरकवणारी माणसं त्याच्या पोरीपासूनही तशीच सरकतील.

वर्ग सुटल्यावर तो मागच्या खोलीत काचपट्ट्या धूत होता. मंजुषा आत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"बाबा, बाही वर करा."

तो दचकला तो 'बाबा'ला. "कॉलेजात हाय तू."

"असू द्या. बाही वर करा."

"काहून? थंडी वाजून राह्यली मले."

"नोव्हेंबरात थंडी, अन् मेमध्ये ॲसिड."

तिने स्वतःच बाही सरकवली. चट्टा तिने नीट बघून घेतला. कापसाची वात वळत म्हणाली, "डोळे मिटा. हे लावलं का समजते, सांगा."

टिकारामने डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"समजते?"

"हौ," तो ठामपणे म्हणाला.

"मी अजून कापूस लावलाच नाही, बाबा."

नळाचं पाणी वाहत होतं ते त्याने बंद केलं. एवढी वर्षं शेकडो पोरांच्या चुका पाठीशी घातलेला माणूस, स्वतःची चूक एवढ्या सोप्या रीतीने पकडली गेली म्हणून ओशाळला. मंजुषाने त्याच्या कोपरामागे दोन बोटांनी चाचपलं. तिथली नस दोरीसारखी जाड लागत होती. तिने दुसरा कोपरही चाचपून पाहिला आणि हात सोडला.

"तुह्या पेपरात हे पण असते?"

"चौथ्या युनिटमध्ये."

"माईत हाय मले. दीपिका मॅडम शिकवते तवा पडद्यावर फोटो मीच तर लावतो."

"मग मॅडम काय म्हणते, ते ऐकलं नाही काय? जंतू लय सुस्त असते. नस खराब करते ते आपलीच इम्युनिटी. जंतूले मारता मारता नसच मारून टाकते."

"ऐकलं ना. दरसाल ऐकतो." टिकाराम पुन्हा काचपट्टी पुसू लागला. "मले वाटे, ते पोरायसाठी हाय."

मंजुषा खिडकीपाशी गेली, परत आली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचा आवाज तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखा सपाट होता. "गोळ्या सुरू झाल्या का मग दुसऱ्याले होत नाही. बारा महिने घ्या लागते. अन् लवकर सुरू केल्या तर बोटात जान वापस येऊ शकते. जान गेल्यापासून सहा महिन्याच्या आत."

"अन् त्याच्यानंतर?"

"बोटाची जान जाऊन किती महिने झाले, बाबा?"

टिकारामने मार्चपासून मनात मोजलं. "दोन झाले असतील," तो म्हणाला. "लय तर तीन."

मंजुषाने श्वास सोडला. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा. तो बघून टिकारामला बरं वाटायला हवं होतं.

"जून होऊ दे, मग जाऊ आपण. तुही परीक्षा..."

"जूनपर्यंत बोट राह्यते काय? उद्या जाऊन राह्यलो. तुमच्या सुट्टीचा अर्ज देऊन आली मी."

"अर्ज? सही?"

"मीच केली. आठवीपासून प्रगतीपुस्तकावर करते, तुम्हाले माहीतच नाही."

सकाळी त्याची बायको ललिता नेहमीपेक्षा लवकर उठली. मुलीने तिला रात्रीच सगळं सांगितलं होतं. तिने चहा केला, त्याला दिला. त्याने अर्धा पिऊन कप खाली ठेवला तसा तिने तो उचलला आणि उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला. मग म्हणाली, "साखर कमी झाली काहो?" तो म्हणाला, "बराबर हाय."

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या आजाराची खोली मागच्या अंगाला होती. दारावरची 'कुष्ठरोग' ही पाटी लांबूनही वाचता येई. टिकाराम पाटीपासून जितकं दूर बसता येईल तितकं बाकाच्या टोकाला बसला. मंजुषा मुद्दाम पाटीखालीच उभी राहिली, हातात इम्युनॉलॉजीची वही घेऊन. दोन ओळखीची माणसं समोरून गेली. तिने दोघांनाही "जय भीम" घातला.

आत तेजराम नावाचा आरोग्य कर्मचारी होता, चाळिशीतला, बोलका. त्याने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "घरच्यायलेही तपासा लागते, काका. आईले दुपारी पाठवा. बाई, तू आधी बस."

मंजुषाने दोन्ही बाह्या वर केल्या, डोळे मिटले. तेजरामने बॉलपेनचं टोक तिच्या हातावर हलकेच इथे तिथे टेकवलं, आणि दर वेळी तिच्या दुसऱ्या हाताचं बोट बरोबर त्या जागी जाऊन पडलं. मनगट, तळवा, करंगळी. एकही चुकली नाही. टिकारामला इतकं हायसं वाटलं की त्याने तेजरामला दोन्ही हातांनी नमस्कार केला. कित्येक महिन्यांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं.

"आता तुम्ही. डोळे उघडायचे नाहीत. जिथं पेन लागला तिथं बोट ठेवायचं."

टिकारामने डावा हात टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट तयार ठेवलं. आज खोटं बोलायचं नाही, असं त्याने पक्कं केलं होतं. लागलं तरच लागलं म्हणायचं. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला. गोंदियाकडची गाडी शिटी देऊन गेली. तेजरामचं काहीतरी शोधणं चाललं असावं. तो आणखी थोडा थांबला.

"तेजरामभाऊ, करा ना सुरू," शेवटी तो म्हणाला. "पोरीले कॉलेजात जायचं हाय."

आणि त्याने डोळे उघडले. तेजराम पेनाला टोपण लावत होता. कोपराखालपासून चौथ्या बोटाच्या टोकापर्यंत निळ्या शाईचे नऊ ठिपके होते.

"काका," तेजराम हळू आवाजात म्हणाला, "किती महिने झाले? खरं सांगा."

"आठ," टिकाराम म्हणाला.

मंजुषाने वर पाहिलं नाही. वही बाजूला ठेवून तिने पाण्याच्या बाटलीत रुमालाचं टोक भिजवलं, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक ठिपका पुसायला लागली. शाई लवकर जाईना. ती जोर लावत होती. टिकाराम त्या हाताकडे बघत होता, आणि बघत होता म्हणूनच त्याला कळत होतं, की ती पुसते आहे.