मऊ लेन्स, कडक लेन्स

बोटाच्या टोकावरची मऊ लेन्स सुकू लागली, की तिची कड हळूच आत वळते. धाकट्या जावेची, समृद्धीची, ती लेन्स नंदा रोज असूयेने पाहायची. नंदाचं बुबुळ शंकूसारखं पुढे आलेलं. मऊ लेन्स त्याचाच आकार घ्यायची आणि दिसायचं धूसरच. आपला आकार न सोडणारी कडक लेन्स डॉक्टरांनी सुचवली होती, पण ती खुपते म्हणून नंदा वर्षभर टाळत होती.

"ताई, पाडव्याच्या रांगोळीचे ठिपके यंदा मी काढते हां. तुम्हाला एकाचे दोन दिसतात ना!" समृद्धी हसली.

सासूबाईंनी रांगोळीचा डबा तिच्या हाती दिलासुद्धा. नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"डबा इकडे दे," ती म्हणाली. "उद्याच कल्याणला जाऊन कडक लेन्सचं माप देऊन येते. खुपली तर खुपली!"